‘हाळी’तला आवाज

मी आजवर इतकं बोललोय की ते सगळं पोत्यात भरलं असतं तर वडवणीच्या आठवडी बाजारात माणसाला पाय ठेवायला जागा उरली नसती. लग्नात बोललो, मयतीत बोललो, रेडिओवर बोललो, एकदा तर दाताच्या डॉक्टरनं तोंडात चिमटा घातलेला असताना बोललो. पण एक गोष्ट आहे — ती या तोंडातून अजून पुरती बाहेर पडलेली नाही. बायकोला माहीत नाही. बब्याला माहीत नाही. दारू पिऊनही सांगितली नाही, आणि पिऊन मी काय काय सांगितलंय ते विचारू नका. आज लिहायला बसलोय ते एवढ्याचसाठी, की बोलायला लागलो तर मला माझा भरवसा नाही. समोरचा हसला की माझी गोष्ट फिरते. कागद हसत नाही.

तुम्ही मला ओळखत असाल तर ‘हाळी’मुळेच ओळखत असाल. आमचा ‘कुसळ’ हा रॉक बँड — चार जण, चौघंही वडवणीचे, गिटारवर बब्या, गाणारा मी. बाजारपेठेतल्या एका बंद गाळ्यात आम्ही वाजवायचो. पहिला ड्रम म्हणजे एक फाटका ढोल आणि तेलाचे दोन डबे. आम्ही सुरू झालो की मागच्या गोठ्यातल्या साऱ्या म्हशी पान्हा चोरायच्या आणि मालक काठी घेऊन यायचा. बरं, साऱ्या नाही, एक म्हैस. आणि ती तशीही भाकड व्हायला आली होती. बघा — हात लावला की वाढतं. आजच्या दिवस सांभाळायला पाहिजे.

मग आमचा अल्बम आला. सात गाणी, नाव ‘हाळी’. त्याला आता बारा वर्षं होतील. पहिली सहा गाणी बरी आहेत; बब्याला हे वाचून राग येईल, पण बरीच आहेत, त्याहून जास्त नाहीत. सातव्यानं आम्हाला वडवणीच्या बाहेर काढलं. त्या गाण्यात शब्द नाहीत. सुरुवातीला नुसतं डोंगरावरचं वारं आहे, मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा आहेत, आणि मग फार लांबून एका माणसाची हाक येते. लांबलेली, शेवटाला वर चढणारी. मग शांतता. पुन्हा हाक. पुन्हा शांतता. असं चार वेळा होतं. चौथ्या शांततेनंतर बब्याची गिटार तोच सूर उचलते आणि पुढची सहा मिनिटं अंगावर काटा उभा राहतो. माझ्याही अंगावर राहतो. कारण वेगळं आहे.

लोकांनी या गाण्याचं काय काय केलं ते तुम्हाला ठाऊक असेल. मराठीत रॉक झालं का, असा वाद निघाला की कुणीतरी ‘हाळी’चं नाव काढतं आणि वाद संपतो. वर्षाच्या शेवटी याद्या लागतात, त्यात ते असतंच. पुण्याच्या एका समीक्षकांनी त्या एका गाण्यावर अठरा पानं लिहिली, त्यातली निम्मी नुसती त्या चार शांततांवर. हाक तर कुणीही मारेल, असं त्यांचं म्हणणं. पण उत्तराची वाट बघत थांबणं आणि उत्तर न येणं, हे ज्यानं गाण्यात ठेवलं तो खरा कलावंत. मी ती पानं तीनदा वाचली. चौथ्यांदा वाचायला घेतली तेव्हा मिटून माळ्यावर टाकली. ही थाप नाही.

आणि तो आवाज कुणाचा?

विचारलं की मी सांगायचो — माझा. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा साधं होतं: डोंगरावर गेलो, ओरडलो, रेकॉर्ड केलं. पण साध्या गोष्टीवर माझा जीव कधी रमला नाही. दुसऱ्या मुलाखतीत मी तीन दिवस उपाशी होतो. तिसऱ्या मुलाखतीत ओरडून ओरडून घशातून रक्त आलं. पुढं एक बिबट्या आला, माझा आवाज ऐकून शेपूट पायात घालून पळाला, आणि जाताना मागं वळून बघत होता. लोक हसायचे, टाळ्या वाजवायचे, आणि मनातल्या मनात म्हणायचे, गडी फेकतोय, पण आवाज तर याचाच. यातली गोम तुमच्या ध्यानात येतेय का? इतक्या थापा मारल्या की खालची एक थाप कुणी मोजलीच नाही. लोकांनी बिबट्या वजा केला, रक्त वजा केलं, आणि जे उरलं ते खरं धरून घरी गेले.

एकच माणूस खऱ्याच्या जवळ आला होता. पुण्यातला आमचा साउंडवाला. त्यानं हेडफोन काढला आणि म्हणाला, ‘‘एक कळत नाही. हाक दोन-अडीचशे हातांवरून येतीये. आणि शेवटच्या शांततेत श्वास आहे, तो माइकला चिकटून आहे. एकच माणूस लांब आणि जवळ कसा?’’

मी म्हणालो, आमच्याकडचे डोंगर असेच आहेत, ते माणसाचा आवाज उचलून पल्याड ठेवतात आणि सवडीनं परत करतात. तो हसला. गाणं तसंच गेलं. तो श्वास आजही गाण्यात आहे, आणि त्यावरही कुणीतरी लिहिलंय — की गायकाचा तो दबलेला श्वास म्हणजे काय नि काय. श्वास माझाच आहे. तेवढं खरं आहे.

हाळी म्हणजे काय, हे आमच्याकडं सांगावं लागत नाही. तुम्ही लांबचे असाल तर सांगतो. डोंगरात गुरंमेंढरं घेऊन गेलेला माणूस पल्याडच्या माणसाला हाक मारतो ती हाळी. ती ज्याच्या कानावर पडेल त्यानं ‘ओ’ द्यायची. नावानं मारलेली नसली तरी द्यायची. भांडण असलं तरी द्यायची. आमच्या शिवारात दोन सख्खे भाऊ होते, बांधावरनं नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, एकाच्या पोरीच्या लग्नाला दुसरा गेला नाही. पण डोंगरात एकानं हाळी दिली की दुसरा पहिली ‘ओ’ द्यायचा, आणि मग वाटेत समोरासमोर आले की तोंड फिरवायचे. हा कायदा कुठं लिहिलेला नाही. मला तो म्हाळू तात्यानं शिकवला. म्हाळू तात्या म्हणजे आमच्या रानाला लागून धनगरवस्ती आहे तिथला मेंढपाळ. लहानपणी आमच्या चार शेळ्या घेऊन मी त्याच्या मागं मागं जायचो. एकदा हाळी आली आणि मी बोरं खाण्यात गुंतलेलो, ‘ओ’ दिली नाही. तात्यानं काठी उगारली नाही, नुसता म्हणाला, ‘‘हाळी ऐकून जो गप राहतो त्यो मेलेला तरी असतो न्हाईतर भूत. तू कोण हाईस बे?’’

मी बोरांची बी थुंकून ‘ओ’ दिली होती.

आता एक मैफल सांगतो, मग मुद्द्यावर येतो. येतोय, पळत नाही. अल्बम गाजल्यावर आम्ही मुंबईत वाजवलं, पुण्यात वाजवलं. तिथं सातवं गाणं आलं की लोक डोळे मिटून बसायचे. मी स्टेजवर स्वतः हाक मारायचो, थांबायचो, आणि हजार माणसांत टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता. मग बीडला बोलावणं आलं. कॉलेजचं मैदान, संध्याकाळची वेळ, मोंढ्यातल्या धान्यबाजारातली माणसं, नेकनूरकडून टेम्पो भरून आलेली पोरं, लेकरं कडेवर घेतलेल्या बाया. मी पहिली हाक मारली आणि थांबलो. आणि त्या मैदानातून, मागच्या कोपऱ्यातून कुठूनतरी, एका म्हाताऱ्या आवाजानं ‘ओ’ दिली.

मग दुसरा. मग सगळं मैदान. कुणी ठरवलं नव्हतं, कुणी हसत नव्हतं. त्यांना शिकवलेलंच तसं होतं — हाळी ऐकली, ‘ओ’ दिली. बब्या माझ्याकडं बघून खूश झाला, त्याला वाटलं आपल्या मातीनं आपल्याला दाद दिली. मला पुढची हाक मारता आली नाही. घसा बसला असं सांगितलं. त्यानंतर मी ते गाणं बीडमध्ये कधी गायलो नाही. का नाही, असं लोक विचारतात, आणि मी सांगतो की एकदा गायलो तर स्टेजचे लोखंडी पाइप वाकले होते.

वाकले नव्हते.

तर मुद्दा. ते दिवस होते अल्बम यायच्या आधीचे, थंडी सरल्यानंतरचे. आमच्याकडं त्या महिन्यांत गावं निम्मी रिकामी असतात; धडधाकट माणसं ऊसतोडीला कारखान्यांवर गेलेली, वस्तीवर म्हातारी माणसं आणि दाराला कुलपं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्यात आमचं रेकॉर्डिंग होतं. सहा गाणी झाली होती, सातवं जमत नव्हतं. मला डोंगरावरचं वारं हवं होतं. मित्राचा रेकॉर्डर मागून आणला, हेडफोन घेतला, मोटारसायकल फाट्यावरच्या हॉटेलाशी लावली आणि वर जाऊन एका खडकाच्या आडोशाला बसलो. दुपारचे तीन वाजले असतील. ऊन होतं. हे मुद्दाम लिहितो, कारण आमच्याकडं म्हणतात तिन्हीसांजेला आलेल्या अनोळखी हाकेला उत्तर देऊ नये, आणि हे कारण मी एक-दोनदा स्वतःला सांगून पाहिलंय. तिन्हीसांज नव्हती. लख्ख ऊन होतं.

वारं चांगलं मिळालं. खालच्या ओढ्यातून घंटांचा आवाज येत होता, तोही चांगला मिळाला. आणि मग हाक आली.

हेडफोनमधून ऐकलेला आवाज कसा असतो, तुम्हाला अनुभव आहे? तो कानात येत नाही, कवटीत येतो. मी आयुष्यात तसा आवाज ऐकला नव्हता. त्यात मोडलेलं काहीतरी होतं आणि तरी तो वर चढत होता. माझ्या मनात आलेला पहिला शब्द ‘कोण’ नव्हता, ‘काय झालं’ नव्हता. पहिला शब्द होता — मिळालं.

मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो, की मला वाटलं तो मेंढरांना हाकतोय. खोटं आहे. मेंढरांना हाकताना कुणी उत्तरासाठी थांबत नाही. हा थांबत होता. हाक मारायचा आणि थांबायचा, मोजून तेवढाच जेवढा ‘ओ’ यायला वेळ लागतो. ज्या चार शांततांवर लोकांनी पानं लिहिली, त्या शांतता मी गाण्यात ठेवलेल्या नाहीत. त्या त्यानं मोकळ्या सोडल्या होत्या. माझ्यासाठी. मी तिथं बोलायचं होतं.

आणि मी बोललो नाही, कारण बोललो असतो तर माझा आवाज त्यात आला असता. रेकॉर्डिंग खराब झालं असतं.

एवढंच. बारा वर्षं ज्याच्याभोवती फिरतोय ते एवढंच आहे. चौथ्या वेळी तोंड उघडलं होतं — तोच तो श्वास, माइकला चिकटलेला. उघडलं, आणि मिटलं.

अल्बममध्ये पहिल्या चार हाका आहेत. रेकॉर्डिंग अकरा मिनिटांचं आहे. पुढच्या भागात त्यात शब्द येतात. ‘‘कोण हाय का वर,’’ असं येतं. ‘‘पाय दबलाय,’’ असं येतं. आवाज कुणाचा ते मला दुसऱ्या हाकेलाच कळलं होतं. ज्याच्या मागं पाच वर्षं शेळ्या हाकल्या त्याची हाळी कळणार नाही? म्हाळू तात्याचा होता. शेवटी शेवटी तो हाक मारत नाही, नुसता कण्हतो, आणि मेंढरं त्याच्याजवळ येऊन उभी राहिल्यासारख्या घंटा एका जागी दाटून वाजतात. मग बराच वेळ काही नाही. मी ते ‘काही नाही’ही रेकॉर्ड केलं.

हेडफोन काढला तेव्हा मी खाली जाणार होतो. खरंच जाणार होतो, चार पावलं गेलोही. मग मनात आलं, तात्या विचारेल — कधीचा हाईस वर? काय सांगणार? जितका वेळ थांबावं तितकं उत्तर अवघड होत गेलं. म्हणून मी दुसऱ्या बाजूनं उतरलो. ठरवलं की फाट्यावरच्या हॉटेलात सांगायचं, चार माणसं असतात, तीच जातील, आपलं नाव निघायला नको.

हॉटेलात पाच-सहा जण होते. चहा आला. एकानं माझा घामानं भिजलेला सदरा बघून विचारलं, ‘‘काय बे शिऱ्या, वाघ मागं लागलावता का काय?’’ माझं तोंड उघडलं. मी सांगणारच होतो. आणि तोंडातून निघालं — वाघ नाही, बिबट्या.

तो बिबट्या तिथं जन्मला. सगळे हसले. मला हसू हवंच असतं, तुम्हाला सांगितलं ना. मी त्याला शेपूट दिली, डोळे दिले, बसल्याजागी अर्धा तास त्याला डोंगरभर फिरवला. चहा दोनदा झाला. ऊन कललं. मी मोटारसायकलला किक मारली आणि निघालो. सकाळी पुण्यात होतो.

तात्याचं काय झालं ते मला चार दिवसांनी कळलं. ओढ्यातला झरा मोकळा करायला तो दगड सरकवत होता, मेंढरांना पाणी मिळावं म्हणून. वरचा धोंडा घसरला आणि पाय खाली सापडला. संध्याकाळी मेंढरं आपली आपण वस्तीवर आली, तात्या आला नाही. वस्तीवर होत्या दोन म्हाताऱ्या आणि एक आंधळा. दुसऱ्या दिवशी दुपारी तो सापडला. शहरातल्या दवाखान्यात पाय गुडघ्याच्या वरून काढला. त्याचा मुलगा आणि सून मंदा ऊसतोड अर्ध्यात टाकून परत आले. मेंढरं विकली. ज्या माणसानं साऱ्या जन्मात घराच्या भिंतीला पाठ टेकली नव्हती, तो तेव्हापासून ओसरीवर बाजेवर आहे.

मी जात असतो त्याच्याकडं. महिन्यातून एकदा, कधी दोनदा. तंबाखू नेतो, बाजारातली भजी नेतो, गप्पा मारतो. लोक म्हणतात, मोठा झाला पण माणूस विसरला नाही. तात्याही म्हणतो. आणि कुणी नवं माणूस आलं आणि पायाचा विषय निघाला की तो सांगतो, लई हाळ्या दिल्या मी, पण त्या दिवशी डोंगरात कुणीच नव्हतं. माणूस असता तर ‘ओ’ आली असती. आपली माणसं तशी न्हाईत.

हे मी त्याच्या तोंडून कितीदा ऐकलंय? दर वेळी मी तिथं बसलेलो असतो आणि मान हलवतो.

गेल्या महिन्यात एका बाईंचा फोन आला. त्या आमच्या अल्बमवर पुस्तक लिहिताहेत. फार हुशार, फार नम्र. त्यांना सातव्या गाण्याचं मूळ रेकॉर्डिंग हवं होतं, न कापलेलं. मी म्हणालो, बघतो, सापडलं तर. सापडायचा प्रश्न नव्हता. मी ते कधी पुसलेलं नाही. बारा वर्षांत तीन मोबाइल बदलले, दर वेळी सगळ्यात आधी ते नव्यात घेतलं. का, ते मला विचारू नका. मी दार लावून ते अकरा मिनिटं ऐकलं, आणि मग ठरवलं की हे कुणा पुस्तकात जायच्या आधी तात्याच्या कानावर जायला पाहिजे.

गेलो. सकाळची वेळ होती. तात्या बाजेवर, मंदा चुलीपाशी. मी फार बोललो नाही, मोबाइल काढला आणि अल्बममधलं गाणं लावलं; ते मी त्याला कधी ऐकू दिलं नव्हतं. हिशेब असा होता की तो आवाज ओळखेल, मला सांगावं लागणार नाही. यातही माझी चलाखी बघा.

पहिली हाक झाली. शांतता आली. आणि तात्या बाजेवर ताठ झाला, मान वर केली आणि दारासमोरच्या डोंगराकडं तोंड करून त्यानं ‘ओ’ दिली. खणखणीत. कोंबड्या उडाल्या. दुसऱ्या हाकेलाही दिली. मग मोबाइलकडं बघून म्हणाला, ‘‘कोण हाय बे त्यो? अडकलाय कुठंतर.’’

‘‘तुमीच हाव तात्या,’’ मी म्हणालो.

‘‘मी? माझा आवाज असा रड्या हाय व्हय?’’

मग मी सांगितलं. खरंच सांगितलं, या तोंडानं. म्हणालो, तात्या, त्या दिवशी मी वर होतो. खडकामागं. मी ऐकलं आणि ‘ओ’ दिली न्हाई.

तात्या हसायला लागला. आधी हळू, मग खोकला येईपर्यंत. ‘‘गप बे शिऱ्या,’’ म्हणाला. ‘‘तुझं एक खरं नसतंय. मेलेल्या माणसाला बी हसवशील तू. डोंगरात तू असतास तर ‘ओ’ दिली असतीस. मी शिकवलंय तुला.’’

माझ्या हातात मोबाइल होता. पूर्ण रेकॉर्डिंग त्यातच होतं, एक बोट लावायचा अवकाश. त्यात त्याचे शब्द आहेत, पाय दबल्याचे, ते त्यानं ओळखले असते, माझ्या कुठल्याही शपथेपेक्षा ते जास्त खरे होते. बोट काचेवर होतं. तात्या डोळे पुसत हसत होता.

मी मोबाइल खिशात घातला आणि त्याच्याबरोबर हसलो.

मंदा हसली नाही. ती चहाचे कप घेऊन दारात उभी होती, आणि माझ्या खिशाकडं बघत होती.

मी ‘ओ’ दिली नाही. रेकॉर्डिंग खराब होऊ नये म्हणून दिली नाही. नंतर चहा पीत बसलो आणि तेव्हाही सांगितलं नाही. ज्या गाण्यानं माझं नाव झालं त्यातला आवाज म्हाळू तात्याचा आहे आणि त्याच्या पायावर तेव्हा धोंडा होता. आणि बारा वर्षांनी जे एक बोट लावायचं होतं ते मी लावलं नाही. यात वाढवलेलं काही नाही.

तात्याला वाचता येत नाही. मी कागदावर लिहितोय त्यात हेही एक कारण आहे, ते लपवत नाही. मंदा दहावी झालेली आहे, पेपर आला की ओळ न ओळ वाचून दाखवते त्याला. हे पेपरात छापून आलं की हेही ती वाचून दाखवेल. त्या वेळी मी ओसरीवर नसेन. ते मी आधीच ठरवलं आहे.